वाचकांचे प्रश्न : सानुकी उदोन खायला जाताना

प्रश्न : ओकायामाहून एका दिवसासाठी ताकामात्सुला जाणार आहोत. तिथल्या उदोनच्या (गव्हाच्या जाड नूडल्सच्या) दुकानांत सगळं आपलं आपणच घ्यायचं असतं म्हणे. जपानी येत नाही, जमेल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नक्की जमेल, फक्त सकाळची गाडी पकडा. 'मरीन लायनर'ने तासाभरात पोहोचाल. बरीच दुकानं दुपारी दोन-तीनला, नूडल्स संपले तर त्याआधीच, बंद होतात. रात्रीच्या जेवणावर भिस्त ठेवू नका.

आत शिरताच ट्रे उचला आणि नूडल्सचे किती गोळे हवेत ते सांगा : एक म्हणजे 'हितोतामा', दोन म्हणजे 'फुतातामा'. बोटं दाखवलीत तरी चालतं. दोन-तीन दुकानं करायची असतील तर प्रत्येक ठिकाणी एकच गोळा घ्या, तोही पोटभर होतो. काही ठिकाणी गार उदोनच हातात देतात. मग ते जाळीच्या खोल गाळणीत घालून गरम पाण्यात दहा-वीस सेकंद बुडवायचे. नवखे इथेच चुकतात. जास्त वेळ ठेवले की नूडल्सचा चिवट ताण, 'कोशी', जातो, आणि सानुकी (ताकामात्सु ज्यात आहे त्या कागावा प्रांताचं जुनं नाव) उदोनचा सगळा जीव त्यातच आहे. गाळणी झटकून पाणी पुरतं निथळलं नाही, तर वरचा रस्सा पाणचट होतो. पुढे तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेली भाजी किंवा मासळी (तो वेगळ्या बशीत, नाहीतर मऊ पडतो), मग पैसे. रस्सा बहुतेकदा शेवटी नळातून आपणच घ्यायचा. वर कांद्याची पात, किसलेलं आलं. लहान दुकानांसाठी रोख येन जवळ असू द्या. खाऊन झालं की भांडी परत नेऊन ठेवा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. मांस न घातलेला उदोन चालेल ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : रस्सेदार असेल तर नाही. कागावातला रस्सा 'इरिको'चा, म्हणजे उकडून सुकवलेल्या बारीक मासळीचा. उदोनमध्ये मात्र गव्हाचं पीठ, मीठ आणि पाणी एवढंच असतं. म्हणून 'किजोयू उदोन' मागा : रस्सा नाही, वरून नुसता सोया सॉस. तरी बाटलीतला सॉस 'दाशी-जोयू' नाही ना, हे विचारा. त्यात सहसा मासळीचा अर्क असतो. भाजीचा तेंपुराही अनेकदा कोळंबीच्याच तेलात तळलेला असतो.

प्रश्न : मुलाला सीलिअॅक आहे, म्हणजे गहू चालत नाही. सोबा (जपानी नूडल्स) कुट्टूचा असतो, तो देता येईल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : देऊ नका. नेहमीच्या 'निहाची' सोबात आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहू असतो. 'जूवारी' सोबा निव्वळ कुट्टूचा खरा, पण बुडवायच्या रश्शातल्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतोच, आणि उकळायचं पाणीही वेगळं असेल याची खात्री नाही. ओकिनावा सोबा तर नावाचाच सोबा. त्यात कुट्टू नसतोच, सगळा गहू.