पहिली मैफल निवडताना

या आठवड्यात शास्त्रीय संगीतातलं काय ऐकू म्हणतोस? एकच मैफल निवड, आणि शक्यतो छोट्या सभागृहातली. मुंबईतल्या षण्मुखानंदासारख्या मोठ्या सभागृहात मागच्या रांगेतून कलाकार ठिपक्याएवढा दिसतो. माटुंग्याला दादर-माटुंगा कल्चरल सेंटरसारख्या जागी बसलास, तर तबलजी हातोडीने तबला लावतोय आणि गायक तानपुऱ्याकडे कान करून ‘अजून जरा चढव’ म्हणतोय, हे समोर दिसतं. ती पाच मिनिटं फुकट घालवू नकोस. (मी स्वतः तबलजी, तेव्हा थोडा पक्षपात आहेच!)

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- फक्त नाव बघून तिकीट काढतात. आधी वेळ बघ. आपल्याकडे बहुतेक मैफली संध्याकाळच्या, म्हणून पूरिया, मारवा, यमन हे संध्याकाळचे राग सतत कानावर पडतात. सकाळची मैफल दिसली तर सोडू नकोस. तोडी, ललत हे सकाळचे राग तिथेच भेटतील.
- उशिरा पोचतात. विलंबित, म्हणजे सुरुवातीचा संथ भाग चुकला, की द्रुताची, म्हणजे नंतरच्या जलद भागाची अर्धी मजा गेली.
- मोबाईल वर धरून बसतात. नको रे.

राग ओळखायची घाई सध्या नको. फक्त सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येते तेवढं पकड, बाकीचं पुढच्या वर्षी बोलू.

एनसीपीएला, म्हणजे नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्राला गेलास तर 1980 सालचं टाटा थिएटर जरूर बघ. माईकशिवाय ऐकू जावं अशा बेताने ते बांधलंय. चर्चगेटहून चालत जाता येतं.