जावा डेव्हलपरला आर्किटेक्ट व्हायचं असेल तर कोणती पुस्तकं वाचावीत?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की तुमच्या टीम लीडच्या मते पुस्तकं जुनी होतात, त्यापेक्षा फ्रेमवर्क (स्प्रिंगसारखा कोडचा तयार सांगाडा) शिकावं. त्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय.

'इफेक्टिव्ह जावा' वाचलं नसेल तर आधी ते. आवृत्ती तिसरीच घ्या, लॅम्डा आणि स्ट्रीम्स त्यातच आहेत. मग ब्रायन गेट्झ आणि सहकाऱ्यांचं 'जावा कन्करन्सी इन प्रॅक्टिस', थ्रेडवरचं (थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामं), २००६ सालचं. म्हणजे तुमच्या लीडच्या हिशेबाने जुनं.

जावा ७ च्या काळात आमच्या प्रोजेक्टवर लोड वाढला की एखादा सर्व्हर शंभर टक्के सीपीयू खात अडकून बसायचा. आर्किटेक्ट सांगायचे, हीप (प्रोग्रामला दिलेली मेमरी) वाढवा, रीस्टार्ट मारा. रीस्टार्ट मारला की सगळं सुरळीत व्हायचं, त्यामुळे त्यांचं म्हणणं मॅनेजरलाही पटायचं. एकदा रीस्टार्टच्या आधी मी जेस्टॅक या जावाच्या टूलने थोड्या थोड्या वेळाने थ्रेड डंप घेतले, म्हणजे त्या क्षणी कुठला थ्रेड कोडमध्ये कुठे आहे त्याची नोंद. प्रत्येक डंपमध्ये तेच थ्रेड, हॅशमॅपच्या (की-व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणाऱ्या कलेक्शनच्या) गेट (get) मेथडमध्ये. स्प्रिंगच्या सिंगलटन बीनमध्ये (सगळ्या ॲप्लिकेशनला मिळून एकच असलेल्या ऑब्जेक्टमध्ये) कुणीतरी कॅशे म्हणून साधा हॅशमॅप ठेवला होता. बीन एकच, रिक्वेस्टचे थ्रेड ढीगभर. जावा ७ पर्यंत रिसाइझ होताना (मॅप भरत आला की मोठा होताना) बकेटमधल्या (मॅपच्या कप्प्यातल्या) लिंक्ड लिस्टचा क्रम उलटा व्हायचा. दोन थ्रेड एकाच वेळी रिसाइझ करू लागले की नोड फिरून एकमेकांकडेच बोट दाखवायचे आणि गेट त्या चक्रात कायमचं फिरत राहायचं. कन्करंटहॅशमॅप (अनेक थ्रेडसाठी सुरक्षित मॅप) टाकला, प्रकरण मिटलं. पुस्तक वाचलेलं होतं म्हणून डंप बघताच संशय कुठे घ्यायचा ते कळलं. तरी आर्किटेक्टसाहेबांचं पालुपद तेच: "थ्रेड स्प्रिंग सांभाळतं, आपण त्यात पडायचं नाही." स्प्रिंग तुमच्या फील्डला कुलूप लावत नाही हो!

जावा ८ पासून रिसाइझमध्ये क्रम टिकतो, त्यामुळे ते चक्र तसं होत नाही. नोंदी मात्र अजूनही गुपचूप हरवतात. मला हे जास्त वाईट वाटतं, कारण सीपीयूचा अलार्म वाजतच नाही.

आर्किटेक्चरसाठी मार्टिन क्लेपमन यांचं 'डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह ॲप्लिकेशन्स', त्यातही रेप्लिकेशन (डेटाच्या प्रती अनेक मशीनवर ठेवणं) आणि ट्रान्झॅक्शनची प्रकरणं. टाइमआउट आणि सर्किट ब्रेकरसाठी (बिघडलेल्या सेवेकडे जाणारे कॉल थांबवणारी रचना) मायकेल नायगार्ड यांचं 'रिलीज इट!'. सर्टिफिकेशनची गाइडं वाचून कुणी आर्किटेक्ट होत नाही.

एक सांगायचं राहिलं. गेट्झच्या पुस्तकात व्हर्च्युअल थ्रेड (जावाचे हलके थ्रेड) नाहीत, ते २०२३ मध्ये जावा २१ सोबत पक्के झाले. ते पूल करायचे (ठरावीक संख्येने बनवून पुन्हा पुन्हा वापरायचे) नसतात, म्हणून थ्रेड पूलच्या आकाराबद्दलचा त्यातला सल्ला त्यांना लावू नका. शेअर्ड स्टेटचे (थ्रेडमध्ये सामायिक असलेल्या डेटाचे) नियम मात्र व्हर्च्युअल थ्रेडलाही तेच.

आणि लीडला एवढंच विचारा: फील्ड व्होलटाइल (बदल इतर थ्रेडना दिसेल असं घोषित केलेलं) नाही, लॉकही नाही, तर एका थ्रेडने लिहिलेली व्हॅल्यू दुसऱ्याला दिसेलच याची हमी कोण देतं? कुणीच देत नाही. जावा लँग्वेज स्पेसिफिकेशनचं १७ वं प्रकरण उघडून दाखवा, नेटवर फुकट आहे.