जुनी एलान घ्या, पण पुढच्या मार्चमध्ये

मिनेसोटातल्या रोचेस्टरहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. वय 38, एच-1बी व्हिसा, घरात एकच कमाई, पत्नी, एक मुलगी, राहायला टाउनहोम. बचत खात्यात 26,000 डॉलर आहेत. महिन्याचा खर्च 5,600 आणि सगळं भागवून 1,100 मागे पडतात. त्यांनी स्की-डू कंपनीच्या एलान या मॉडेलच्या दोन जुन्या स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या, पाहून ठेवल्या आहेत. 1978 ची चालू स्थितीत आहे, किंमत 2,200. दुसरी 1973 ची, इंजिन जाम, निम्मे भाग खोक्यांत, किंमत 700. दोन्ही घ्यायच्या, एक चालवायची, दुसरी दुरुस्त करून नफ्यात विकायची आणि यासाठी 401(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यामधून 6,000 चं कर्ज काढायचं, असा त्यांचा बेत आहे.

माझं उत्तर असं: चालू गाडी घ्या, पण यंदा नाही. जाम इंजिनाची घेऊ नका. कर्ज अजिबात काढू नका.

कर्जापासून सुरुवात करतो, कारण खरा धोका तिथे आहे. 401(के)चं कर्ज स्वस्त वाटतं, कारण व्याज आपल्याच खात्यात परत जातं. पण नोकरी गेली, तर उरलेलं कर्ज त्या वर्षाचं टॅक्स रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत फेडावं लागतं. ते जमलं नाही तर ती रक्कम उत्पन्नात धरली जाते आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर वर 10 टक्के दंड बसतो. तुम्ही एच-1बीवर आहात. नोकरी सुटल्यावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्याच दोन महिन्यांत घरभाड्याचा किंवा हप्त्याचा विचार करायचा, सामान हलवायचं की नाही ते ठरवायचं, त्यात हे कर्जही दारात उभं. आणि जूनमध्ये मिनेसोटात स्नोमोबाईल विकायला काढली, तर मनासारखा भाव देणारं गिऱ्हाईक मिळत नाही.

म्हणूनच तुमच्यासाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला असणं ही किमान अट. 5,600 गुणिले 6 म्हणजे 33,600. तुम्ही 7,600 ने मागे आहात. महिन्याला 1,100 प्रमाणे सात महिन्यांत ही तूट भरते, म्हणजे आता एप्रिलपासून धरलं तर ऑक्टोबरअखेर. त्यानंतरच्या चार महिन्यांत 4,400 साठतात आणि मार्च उजाडतो. बर्फ वितळायला लागतं, गॅरेज रिकामं करायची घाई असते, तेव्हा विकणारे भावात नमतात. थंडीच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तीच गाडी महाग पडते.

ही गाडी हातची जाईल, अशी भीती वाटत असेल. पण एलान 1971 ते 1996, पंचवीस वर्षं बनत होती. तशीच दुसरी मिळेल आणि मॉडेल इतकी वर्षं चाललं म्हणून सुटे भागही इतर अनेक जुन्या गाड्यांपेक्षा सहज मिळतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्नोमोबाईल बनवणारे शंभराहून अधिक होते, त्यातले बहुतेक बुडाले. अशा एखाद्या बंद पडलेल्या कंपनीची दुर्मिळ गाडी असती, तर मी थांबायला सांगताना थोडा कचरलो असतो. एलानसाठी नाही.

आता पहिल्या वर्षाचा हिशेब. हे माझे अंदाज आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पाहा. गाडी 2,200. पहिल्या दुरुस्तीला 500. वापरलेला छोटा ट्रेलर 700. हेल्मेट, बिब (छातीपर्यंतची उबदार पँट), बूट, हातमोजे 450. नोंदणी, विमा, पेट्रोल-ऑइल 350. बेरीज 4,200, म्हणजे तुमच्या 4,400 मध्ये बसते. एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: ट्रेलर कुठे ठेवणार? टाउनहोमच्या एचओएचे, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचे, नियम आधी वाचा; बऱ्याच ठिकाणी ट्रेलर बाहेर उभा करू देत नाहीत. महिना 45 डॉलरची जागा घ्यावी लागली तर वर्षाला 540 वाढतात आणि हिशेब चुकतो. उभा करून ठेवता येणारा घडीचा ट्रेलर मिळाला तर गॅरेजातच भागेल.

दुसऱ्या वर्षापासून नोंदणी-विमा-पेट्रोल 350, सुटे भाग 300, जागा 540 धरली तर 1,190. आठ वेळा चालवली तर एका फेरीला सुमारे 150 डॉलर. पण 2023-24 चा हिवाळा आठवा: मिनेसोटातला नोंदीतला सर्वांत उबदार. तशा वर्षी दोनच फेऱ्या झाल्या तर एक फेरी जवळजवळ 600 ला पडते. हे पटत असेल तरच घ्या.

पहिल्या दुरुस्तीचे 500 हे वाटाघाटीतून वाचवायचे पैसे नाहीत. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दांड्याभोवतीची रबरी सीलं कडक होतात. तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं, पेट्रोलसोबत येणारं ऑइलही कमी पोचतं, आणि पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने घासून जाम होतो. लक्षण ओळखता येतं: थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा वेग लगेच खाली येत नाही. असं दिसलं तर त्या दिवशी व्यवहार करू नका. त्या काळच्या कार्ब्युरेटरमधले डायफ्राम आणि पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलने खराब होतात, त्या बदलाव्याच लागतील. मिनेसोटात नेहमीच्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असतं, पण स्नोमोबाईल आणि जुन्या संग्राह्य गाड्यांसाठी इथेनॉलविरहित प्रीमियम मिळतं, तेच वापरा. ऑइलचं प्रमाण मॅन्युअल आणि ऑइलच्या डब्यावरून ठरवा. 40:1, म्हणजे 40 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल असेल, तर 5 गॅलनला 16 औंस.

पाहायला जाताना विकणाऱ्याला इंजिन आधी गरम करू नका म्हणून सांगा. थंड इंजिन दोरीच्या तीन-चार ओढींत सुरू व्हायला हवं. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज सोबत न्या; थ्रॉटल पूर्ण उघडून 100 पीएसआयच्या वर आलं नाही, तर पिस्टन-रिंगचं काम समोर आहे असं धरून भाव करा. मागचा भाग उचलून ट्रॅक (गाडीखालचा फिरता रबरी पट्टा) हाताने फिरवा: रबर चिरलंय का, आडव्या काड्या तुटल्यात का, चाकांची बेअरिंगं कुरकुरतात का. नवा ट्रॅक एकट्यानेच 500 चं बजेट खाऊन टाकतो. टनेलवरचा (ट्रॅकवरच्या पत्र्याच्या सांगाड्यावरचा) अनुक्रमांक नोंदणीच्या कागदाशी जुळवा आणि तो लिहिलेली, सही केलेली विक्रीची पावती घ्या.

700 वाल्या गाडीत हेच सगळं नक्की करावं लागणार आहे, वर बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठं करणं), पिस्टन, क्रँक आणि खोक्यांत न सापडलेले भाग. 1,500 ते 2,000 सहज जातात आणि तयार झाल्यावर तिचा भाव शेजारच्या चालू एलानइतकाच. तुमच्या शनिवार-रविवारची मजुरी शून्य. वर नफा झाला तर त्यावर कर, आणि हौसेच्या वस्तूत तोटा झाला तर त्याची वजावट मिळत नाही. इंजिन खोलायचा आनंद हवा असेल तर तो जरूर घ्या, पण त्याला गुंतवणूक म्हणू नका.

विम्याचं एक राहिलं. घराच्या पॉलिसीवर विसंबू नका. घराच्या आवाराबाहेर चालवलेल्या स्नोमोबाईलचं दायित्व त्यात बहुधा नसतं. वेगळी दायित्व पॉलिसी घ्या. टर्म इन्शुरन्सच्या अर्जात धोकादायक छंद विचारतात. बर्फावरच्या शर्यतीत उतरायचा विचार असेल तर तिथे लपवू नका.

तोवरच्या वर्षभरात दोन गोष्टी कमी पैशात होतात. 31 डिसेंबर 1976 नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात स्नोमोबाईल सुरक्षा प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तुम्हालाही. तो कोर्स यंदाच उरका. आणि जानेवारीत मिनेसोटातल्याच वकोनियाला जुन्या स्नोमोबाईलचा मेळा भरतो, तिथे मुलीला घेऊन जा, चार एलान मालकांना ट्रॅक आणि सीलं कुठून घेतली ते विचारा, आणि त्यांचे फोन नंबर मार्चसाठी जपून ठेवा.