खरवडलेली खूण

"मॅडम, मीच कुठेतरी कमी पडलो ना?"

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका गृहस्थांनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारलं. वय चाळिशीचं, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामात मनापासून झटणारे. धाकट्या बहिणीला कर्करोगाने नेलं, त्याला आठ महिने झाले होते. तिच्यासाठी त्यांनी उपास केले, रात्र रात्र गुडघ्यांवर काढली. तिच्या मातीच्या (दफनाच्या) दिवशी मंडळीतलेच एक वडीलधारे खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पूर्ण विश्वासाने मागितलं असतंस, तर देवाने ऐकलं असतं." तेव्हापासून झोप उडालेली. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

"मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल" असं येशूने सांगितलं, मग मला का नाही मिळालं? हा प्रश्न किती ख्रिस्ती घरांत दबक्या आवाजात विचारला जातो, ते मी रोज बघते.

दुसऱ्या भेटीत त्यांनी प्रार्थनेची वही आणली. डावीकडे तारीख, मग विनंती, आणि उत्तर मिळालं की लाल पेनाने बरोबरची खूण. नोकरी, आईचं ऑपरेशन, भावाचा मोडता संसार. पानंच्या पानं. बहिणीच्या नावापुढे मात्र कागद झिजून पातळ झालेला, मध्ये बारीक भोक. एकदा तिचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा त्यांनी खूण केली होती. आजार उलटल्यावर ती ब्लेडने खरवडून काढली. त्या भोकावर बोट ठेवून ते बराच वेळ बसून राहिले. मीही गप्प राहिले. बायबलमधल्या ईयोबाने सगळं गमावलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते. त्यांचं बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

देवाचं उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'थांब' असतं, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. खोटं नाही ते, पण ताज्या कबरीपाशी फार तोकडं पडतं. पुढे चर्चचा थोर संत झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका, मुलाने रोमला जाऊ नये म्हणून रडून प्रार्थना करत होती. तो तिला चुकवून गेला, आणि 387 साली मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. तिची एक विनंती नाकारली गेली आणि मुलगा ख्रिस्ती व्हावा ही जन्मभराची विनंती पुरी झाली, असं त्यानेच पुढे लिहिलं. मला ही गोष्ट फार प्रिय आहे. ह्या भावाला मात्र मी ती सांगितली नाही. त्याची बहीण परत येणार नव्हती.

त्याऐवजी मी म्हटलं, "त्या वडीलधाऱ्यांचं वाक्य आपण येशूलाच लावून बघू." वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने तीनदा तीच विनवणी केली, पण दुःखाचा प्याला टळला नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी एक पीडा, जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर आलं. त्याच पौलाला त्रफिम हा सोबती मिलेत इथे आजारी सोडून पुढे जावं लागलं. कमी विश्वास कोणाचा म्हणायचा?

"पण शिष्यांना तो आजारी मुलगा बरा करता आला नाही, तेव्हा येशू त्यांना अल्पविश्वासी म्हणालाच ना?" त्यांनी अडवलं. योग्यच होतं. पण तो प्रसंग मार्काच्या शुभवर्तमानात वाचला की त्या मुलाचा बाप भेटतो. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असं तो रडवेला होऊन म्हणतो. अर्ध्यामुर्ध्या विश्वासाचा माणूस, आणि मुलगा बरा झाला. बरं होणं आपल्या विश्वासाच्या वजनावर मोजून मिळत नाही.

"मग ती का गेली?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. शास्त्र मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतं, आणि लाजर या मित्राच्या कबरीकडे जाताना येशू रडला. पुनरुत्थानाची आशा मीही धरून आहे, पण तिने त्यांचं रडू झाकायचं नव्हतं.

मग आम्ही बायबलमधलं 88वं स्तोत्र वाचलं. ते अंधारातच संपतं. त्यांनी पान उलटून पाहिलं, पुढे आणखी काही आहे का म्हणून. "असंही देवाला म्हणता येतं?"

मी त्यांना घरी लिहायला सांगितलं: ह्या वेळी विनंती नको, तक्रार लिहा.

पुढच्या भेटीत भोकाखाली एक ओळ होती: 'प्रभू, तू होतास कुठे?' वाचताना आवाज फाटला. मग डोळे पुसत म्हणाले, "आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याशी बोललो."

झोप अजून तुटते. उपासनेला ते अजून जात नाहीत, आणि मी त्यांना घाई करत नाही.