थाळीच्या हॉटेलात डिशवॉशरसाठी रॅक कोणते आणि किती घ्यावेत?

साठ जणांचं थाळीचं हॉटेल आणि हूडचं, म्हणजे वरचं झाकण खाली ओढून बंद करायचं, भांडी धुण्याचं मशीन, असं तुम्ही लिहिलंय. मोठ्या किचनमध्ये भांडी धुण्याची बाजू मी सांभाळतो. माझं ऐकाल तर कॅटलॉग बाजूला ठेवा आणि तुमचं ताट, वाटी, पेला पिशवीत घालून दुकानात जा.

या मशीनचे रॅक बहुधा 500 × 500 मिमीचे असतात, त्यामुळे बाहेरच्या मापाची फारशी चिंता नाही. घोळ ताटांचा होतो. खुंट्यांचा रॅक मुळात चपट्या प्लेटांसाठी असतो. आपल्या स्टीलच्या ताटाला उभी कड असते. ते खुंट्यांत तिरकं बसतं, पुढच्या ताटाला टेकतं, मग मधे पाणी शिरत नाही आणि कडेच्या खाचेत वरणाची पिवळी रेघ तशीच राहते. रुंद अंतराच्या खुंट्या मागा, नाहीतर एक ओळ सोडून ताटं लावा. ताट फारच मोठं असेल तर एक बाजू उघडी असलेला ट्रेचा रॅक बघा आणि ताट उभं ठेवून हूड पूर्ण खाली येतं का, ते मशीनवरच तपासा.

वाट्यांना सपाट रॅक पुरतो, पण पालथ्या आणि एकाच थरात. पेल्यांना खणांचा रॅक घ्या : 25 खणांच्या रॅकमध्ये खण साधारण 9 सेंमीचा असतो, 36 च्यात 7 सेंमीच्या आसपास. पेला रॅकच्या कडेवर डोकावत असेल तर एक्स्टेंडर, म्हणजे रॅकची उंची वाढवणारी चौकट, जोडा, नाहीतर रॅक एकावर एक रचले की सगळा भार काचेवर येतो.

संख्येत मात्र अजिबात काटकसर करू नका. मशीनचा फेरा एक-दोन मिनिटांत आटपतो, वाळायला त्याहून जास्त वेळ लागतो. शेवटचं पाणी 82 अंशांच्या वर असलं की स्टील आपल्या उष्णतेनंच वाळतं, फक्त त्याला रॅकमध्ये राहू द्यायला हवं. रॅक कमी पडले की मुलं ओली ताटं काढून फडक्यानं पुसतात, आणि त्या कळकट फडक्यानं सगळं धुणं वाया जातं. म्हणून प्रत्येक प्रकारचे किमान तीन घ्या : एक भरायला, एक मशीनमध्ये, एक वाळायला. ताटांचे याहून जास्त लागतील.

माल पॉलिप्रॉपिलीनचाच (उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा) घ्या. हलक्या प्रतीचा रॅक उष्णतेनं वाकतो आणि मशीनच्या पट्ट्यांवर अडकतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर पाण्यातले क्षार कमी करणारा सॉफ्टनर आधी बसवा. क्षारांचे पांढरे डाग कुठल्याच रॅकनं जाणार नाहीत.