गोष्ट कुठे ठेवायची: नाचाच्या विद्यार्थिनीला पत्र

प्रिय मुली,

तुझी दोन पानी कथा वाचली. जहाज, गुलामांचा बाजार, उसाचं शेत, पळून जाणं, पकडलं जाणं, फटके, प्रार्थना, सुटका. पाच मिनिटांच्या सोलोसाठी आठ प्रसंग! एकेकाला चाळीस सेकंदही मिळणार नाहीत. मग कथकमुळे हाताशी असलेल्या गतभावाने, म्हणजे हावभावांनी गोष्ट दाखवण्याच्या रीतीने, तू ते पटापट दाखवून मोकळी होशील. काय घडलं ते प्रेक्षकाला कळेल, पण ते कुणाच्या अंगावरून गेलं हे कळणार नाही. ज्या आफ्रिकी आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या कोरिओग्राफर्सचं काम पाहून तुला हे सुचलं, त्यांनी गोष्ट अशी मांडलेली नाही. त्यांनी ती कुठे ठेवली ते आधी बघू.

अमेरिकी काळा कोरिओग्राफर ॲल्विन एली याचं 'क्राय' घे. १९७१ साली त्याच्या कंपनीतली नर्तकी ज्युडिथ जेमिसन हिच्यासाठी बसवलेला, साधारण सोळा मिनिटांचा, तीन भागांचा सोलो. कथानक असं नाहीच. एक बाई, घेरदार पांढरा पोशाख आणि पांढऱ्या कापडाचा लांब पट्टा. त्याच पट्ट्याने ती जमीन घासते, तोच शालीसारखा पांघरते, तोच डोक्याला गुंडाळते. राबणारी बाई आणि मानाने चालणारी बाई एकच आहे, हे कुणी सांगावं लागत नाही. विद्यार्थी यातून फक्त कापड उचलतात. पाहायचं असतं ते कापडाचं वजन. घासताना ते जड दिसतं, कारण जोर पाठीतून आणि खांद्यातून खाली जातो. डोक्यावर गेलं की तेच कापड मान उंच करायला लावतं.

तू कापड वापरणारच असशील तर जॉर्जेट किंवा सॅटिन घेऊ नकोस. ते हवेत तरंगतं, घसरतं, आणि मग कापड नाचतं नि तू त्याच्यामागे धावतेस. चार-पाचदा धुतलेलं सुती घे. हात आडवे पसरून धरल्यावर दोन्ही टोकं जमिनीला टेकतील इतकं, म्हणजे साधारण सव्वाचार मीटर. कडा दुमडून शिवून घे. सुटलेला दोरा पायाच्या अंगठ्यात अडकतो. आणि पहिल्या दिवसापासून त्याच कापडावर सराव कर. रंगीत तालमीला आणलेली वस्तू प्रयोगात दगा देतेच.

एलीचंच 'रेव्हलेशन्स' (१९६०) तू पाहिलं आहेस. त्यात सुरुवातीला घोळक्याने उभे राहिलेले नर्तक पुन्हा बघ. गुडघे वाकलेले, भार जमिनीत, आणि छाती, हात, नजर वर. दोन उलट ओढी एकाच शरीरात, एकाच वेळी. दुःख आणि श्रद्धा यांची ती सगळी गोष्ट त्या एका उभं राहण्यात आहे; चेहरे जवळजवळ कोरे आहेत. तशी सोळा मात्रा उभी राहून बघ. सहाव्या-सातव्या मात्रेला गुडघे सरळ व्हायला लागतील, कारण छाती वर नेताना आपण भारही वर नेतो. भार खालीच ठेवून फक्त बरगड्यांचा भाग उचलायचा. हे जमायला काही आठवडे लागतात, घाई नको. रंगही बघ: पहिला भाग मातकट तपकिरी, दुसरा पांढरा-निळा, तिसरा पिवळा. मातीतून पाण्याकडे आणि पाण्यातून उन्हाकडे. एवढं रंगांनी सांगितल्यावर नर्तकांना ते पुन्हा सांगावं लागत नाही.

कोरिओग्राफर होसे लिमोन मेक्सिकोतल्या कुलिआकान इथे १९०८ साली जन्मला आणि लहानपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला. 'ला मालिंचे' (१९४९) मध्ये त्याने मेक्सिकोवरच्या स्पॅनिश विजयाचा इतिहास तीन माणसांत बसवला: विजेता, त्याची दुभाषी ठरलेली स्थानिक स्त्री मालिंचे, आणि एक मूळनिवासी पुरुष. गावच्या जत्रेतले सोंगाडे येतात नि खेळ करतात, अशी चौकट आहे, त्यामुळे कुणालाही आव आणावा लागत नाही. विजेत्याच्या हातातली तलवार मुठीकडून वर धरली की क्रूस होते. लढाई आणि धर्मांतर, दोन्ही एका मनगटाच्या वळणात उरकलं. त्याच वर्षीचं, शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'च्या गोष्टीवरचं 'द मूर्स पव्हेन' चौघांचं आहे. दरबारी नाचाची शिस्त चालू राहते, रुमाल हातातून हातात जातो, आणि खून होतो तो पुढे उभ्या असलेल्या दोघांच्या आड. मला हे त्याच्या कामातलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं: सर्वांत भयंकर क्षण झाकायचा. तुझ्या पानांवर फटक्यांचा प्रसंग आहे तो वाचताना हेच मनात आलं.

आता पर्ल प्रायमस. जन्म त्रिनिदादचा, १९१९, वाढली न्यूयॉर्कमध्ये. १९४० च्या दशकातल्या 'स्ट्रेंज फ्रूट' या तिच्या सोलोचा विषय अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसांना जमावाने झाडाला टांगणं. पण ती नाचते कोण म्हणून? टांगलेला माणूस म्हणून नव्हे, त्याची आई म्हणूनही नव्हे. जमावातली एक बाई म्हणून, जिला आपण काय केलं ते उशिरा उमगतं. बळीची भूमिका केली की प्रेक्षक हळहळतो आणि घरी जातो. जमावातली बाई केली की त्याला खुर्चीत नीट बसवत नाही. सोलो करताना पहिला प्रश्न 'काय घडतं' हा नसतो, 'कुणाच्या जागेवरून बघायचं' हा असतो. १९४४ च्या उन्हाळ्यात प्रायमस दक्षिणेत जाऊन वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबांत राहिली, ते याच कामाची पुढची पायरी म्हणून.

कॅथरिन डनहॅम तर मानववंशशास्त्र शिकलेली. १९३५-३६ मध्ये शिष्यवृत्तीवर ती कॅरिबियन बेटांवर फिरली: जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि सर्वांत जास्त हैती. मार्टिनिकच्या एका लढाऊ नाचावरून १९३८ साली 'लाग्या' उभं राहिलं. पुढे तिच्या नावाचं तंत्रच तयार झालं, ज्यात डोकं, खांदे, बरगड्या, कंबर वेगवेगळ्या सुट्या हलवायला शिकवतात, तेही ढोलाच्या साथीने. या विषयाची किंमतही तिने मोजली. १९५१ साली चिलीत सांतियागोला तिने 'साउथलँड' केलं, त्यात जमावाकडून होणारी हत्या रंगमंचावर होती. अमेरिकी दूतावासाला ते रुचलं नाही. १९५३ मध्ये पॅरिसला ते झालं, त्यानंतर ते कंपनीच्या कार्यक्रमात राहिलं नाही.

तुझ्यासाठी सगळ्यात अवघड भाग तालाचा आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

१७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं. ढोलावरून निरोप जातात या धास्तीने १७४० च्या कायद्याने त्यांना ढोल बंद केले. मग मांड्या, छाती, तळवे आणि टाचा हेच वाद्य झालं. त्या प्रकाराला जुबा म्हणतात. आजची अमेरिकी कोरिओग्राफर कमिल ब्राउन हिच्या 'ब्लॅक गर्ल: लिंग्विस्टिक प्ले' (२०१५) मध्ये जुबा आहे, मुलींचे टाळ्यांचे खेळ आहेत, दोन दोऱ्यांवरच्या उड्या आहेत. वरवर खेळकर, पण प्रत्येक टाळीला पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. कलाकृती म्हणून मला तिच्यात हेच आवडतं की ती इतिहास सांगत बसत नाही, तो वाजवते.

आता क्लावे. क्युबन संगीताचा हा कणा सोळा बारीक मात्रांत पाच ठोक्यांचा असतो: १, ४, ७, ११ आणि १३. तीनतालाच्या सोळा मात्रा अंगात मुरलेल्या मुलीला वाटतं, हे तर सोपं. (तीनतालासारखी नववी मात्रा इथेही मोकळीच असते, पण तो योगायोग समज.) गडबड समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, होते. कथकमध्ये सगळा डोलारा समेवर येऊन उतरतो, तिहाई (तीनदा घेतलेला बोल) तिथेच संपते, आपण तिथे थांबतो आणि दाद घेतो. सोन या क्युबन नाच-गाण्याच्या प्रकारात बास (खालच्या सुरांचं तंतुवाद्य) अनेकदा पहिली मात्रा गाळून तिच्या आधीच येऊन बसतो. पहिलीवर कुणी उतरत नाही, तिच्यावरून वाहून जायचं असतं. तू तिथे पाय आपटून थांबलीस की नाच दर आवर्तनाला तुटलेला दिसतो.

सराव असा कर. पावलं १, ५, ९, १३ वर, साधी चाल. हाताने क्लावे. आधी मात्रा तोंडाने मोजत, मग न मोजता. पाच मिनिटं न चुकता झाली की खांदे सुटे हलव, त्यानंतर कंबर. पावलं टाळीच्या मागे पळायला लागली तर वेग कमी करून उपयोग होत नाही. टाळी दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला सांग आणि तू फक्त चाल. आठवड्याभराने टाळी परत घे.

पोर्तो रिकोचा बोंबा हा ढोलावरचा नाच याहून तुझ्या जवळचा आहे. तिथे एक ढोल मूळ ताल धरून ठेवतो आणि दुसरा, वरच्या आवाजाचा, नाचणाऱ्याला उत्तर देतो. पुढाकार नाचणाऱ्याचा: घागऱ्याचा झटका, खांद्याचा हिसका, अचानक थांबणं, आणि वादकाने ते तिथल्या तिथे ढोलात आणायचं. ढोलकीवाल्याने लावणीतल्या पावलावर नजर ठेवावी तसंच, फक्त इथे ते खुलं आव्हान असतं. सगळं आधी ठरवून बसवलं की ही गंमत मरते. तुझ्या सोलोत निदान तीस सेकंद तरी पखवाजवाल्यासाठी मोकळे ठेव.

एक सावधगिरी. क्युबातले, ब्राझीलमधले, हैतीतले बरेच नाच पूजेतले आहेत. चांगो, येमाया, ओगुन या देवता आहेत, त्यांच्या हालचाली ठरलेल्या आहेत. घागऱ्याच्या लाटा सुंदर दिसतात म्हणून व्हिडिओवरून उचलायच्या नाहीत. त्या परंपरेतल्या माणसाकडे शिकायचं आणि रंगमंचावर काय चालतं तेही त्यालाच विचारायचं. आपल्याकडेही हे लागू आहे. गुजरातेतल्या सिद्दींची, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजाची, धमाल (त्यांचा नाच) ही बावा गोर या संताच्या भक्तीतून आलेली आहे, महोत्सवाच्या मंचावर ती कितीही चमकदार वाटली तरी.

त्यावरून माझं स्पष्ट मत: गुलामांच्या जहाजाची गोष्ट तू करू नकोस. या मंडळींनी आपापल्या घरातलं, गल्लीतलं, प्रार्थनाघरातलं घेतलं. त्यांच्याकडून घ्यायची ती रीत. तुझ्या पहिल्या पत्रात कोकणातून गिरणीत आलेल्या आजीचा एका ओळीत उल्लेख होता. तिथून सुरू कर.

आजीच्या हाताने रोज होणारं एक काम निवड. एकच. ते तिच्याकडून करून घे आणि बघ: भार कोणत्या पायावर आहे, श्वास कधी सोडते, कुठे थकते. ती हालचाल आठ मात्रांत बसव, हावभाव न करता. मग तीच हालचाल पाच प्रकारे बदल: फक्त पाठीने, जमिनीवर, दुप्पट मोठी, निम्म्या वेगात, आणि कामाचं साधन हातातून काढून घेतल्यावर. शेवटचा प्रकार बहुधा सर्वांत बोलका निघतो. प्रत्येकाला दहा मिनिटं मोकळं नाच, चित्रीकरण कर, पाचांतले तीन ठेव, दोन टाक. टाकताना जे तुला सर्वांत 'छान' वाटतं त्याच्यावर आधी संशय घे. गाणं शेवटी लाव, आणि शब्द असलेलं नकोच. शब्द आले की हात त्यांचा अर्थ करायला धावतात. तयार झाल्यावर गोष्ट ठाऊक नसलेल्या दोघांना दाखव आणि 'कळलं का' असं न विचारता 'काय दिसलं' एवढंच विचार.

जमिनीबद्दल. तुझ्या क्लासला शहाबादी फरशी आहे. तिच्यावर उड्या नकोत आणि लिमोनच्या पद्धतीचं पडणंही नको. वर रेक्झिन अंथरल्याने घसरणं थांबतं, हादरा थांबत नाही. नडगी आणि गुडघा दोन महिन्यांत तक्रार करतात. लवचीक लाकडी जमीन मिळेल त्याच दिवशी पडण्याचा सराव ठेव. बाजूला पडताना क्रम असा: घोटा, पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, नितंब, मग बरगड्या आणि हात. गुडघ्याचं हाड कधीच आधी टेकता कामा नये. आधी आठ मात्रांत खाली आणि आठांत वर, मग चारांत, मग दोनांत. वर येताना घाई होते, कारण पडून झालं की काम संपलं असं वाटतं. लिमोनच्या तंत्रात पडण्याइतकंच उठण्याला महत्त्व आहे.

'क्राय' किंवा 'रेव्हलेशन्स'मधले तुकडे वर्गात शिकायला घे, पण परवानगीशिवाय मंचावर नको. त्यांचे हक्क राखलेले आहेत, आणि स्पर्धेत नाव न देता ते उचललेले दिसतात ते बघवत नाही.

तीन आठवड्यांनी व्हिडिओ पाठव. कॅमेरा एका जागी, कमरेच्या उंचीवर, पावलं पूर्ण दिसतील असा. संगीत न लावता, संपादन न करता, सलग एकदा. आजीचं मूळ काम करतानाचं चित्रीकरणही जोड, म्हणजे तू त्यातलं काय ठेवलंस आणि काय गाळलंस ते पाहून पुढचं लिहिता येईल.

तुझी,
ताई