वर्दीवरून घरी आल्यानंतर

वर्दी म्हणजे आग, पूर किंवा अपघाताच्या जागी मदतीला येण्याचं बोलावणं. अशा वर्दीवर जाऊन बचावकार्य करणाऱ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पुणे आणि परिसरातले स्वयंसेवक, अग्निशमन दलातल्या जवानांचे घरचे, कंट्रोल रूममधले कर्मचारी यांनी पत्रं पाठवली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : सिंहगड रस्ता परिसरात आमचा स्वयंसेवकांचा बचावगट आहे. पुरात अडकलेल्यांना काढणं, नदीत किंवा धबधब्यात बुडालेल्यांचा शोध घेणं ही आमची कामं. या पावसाळ्यात एका लहान मुलाची बॉडी काढावी लागली. त्यानंतर आमची दोन मुलं यायचीच बंद झाली. आता प्रत्येक मोठ्या कामानंतर दुसऱ्याच दिवशी समुपदेशकांना बोलवायचं, सगळ्यांना गोलात बसवायचं आणि प्रत्येकाला काय पाहिलं ते सांगायला लावायचं, असं ठरवतोय. हे बरोबर होईल का?

उत्तर : तुमची कळकळ समजते, पण हे करू नका. याला डेब्रिफिंग म्हणतात आणि एके काळी ते जगभर चालायचं. पुढे काळजीपूर्वक तपासण्या झाल्या तेव्हा दिसलं की अशा एका बैठकीने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही ही पद्धत सुचवत नाही. कारण समजायला सोपं आहे. दुसऱ्या दिवशी शरीर अजून धोक्याच्याच अवस्थेत असतं, त्यात तो प्रसंग बळेच पुन्हा आठवायला लावला की तो आणखी पक्का बसतो. शिवाय दोरी धरून काठावर उभ्या असलेल्या मुलाने त्या बाळाचा चेहरा पाहिलेलाच नसतो. गोलात बसवल्यावर तो चेहरा त्याच्याही डोक्यात जातो.

ज्याला आपणहून बोलायचंय त्याचं जरूर ऐकावं. सक्ती नको, एवढंच.

तुमच्या हातात खरी गोष्ट आहे ती कामाची आखणी. बचाव करणाऱ्यांचं मन बहुतेक वेळा पाळ्यांच्या तक्त्यावर टिकतं किंवा तिथेच ढासळतं. निघण्यापूर्वी दहा मिनिटं काढा आणि काय दिसण्याची शक्यता आहे ते स्पष्ट सांगा : किती जण बेपत्ता आहेत, लहान मूल आहे का, किती वेळ पाण्यात आहेत. दोन-तीन दिवसांनी पाण्यातून निघालेलं शरीर फुगलेलं असतं, धरायला गेलं की कातडी हातात येते. हे आधी माहीत असलं तर हात कमी थरथरतात. त्याच वेळी प्रत्येकाला 'आज मी दोरीवरच थांबतो' म्हणायची मुभा द्या, कारण न विचारता. ज्याच्या घरी त्याच वयाचं मूल आहे, त्याला बॉडीजवळ पाठवूच नका.

जागेवर कायम जोडीने काम करा. जो पाण्यातून बाहेर काढतो त्यानेच गुंडाळायचं आणि त्यानेच नातेवाइकांसमोर न्यायचं, असं बऱ्याच गटांत होतं, कारण तोच दणकट असतो. ही तीन कामं तिघांत वाटा. चेहरा लगेच झाका. खिसे, पाकीट, मोबाईल यांना हात लावू नका, ते पंचनाम्याचं काम आहे. अपघाताच्या किंवा दरडीच्या ठिकाणी खिशातला मोबाईल वाजतो आणि स्क्रीनवर 'आई' दिसतं. ही दोन अक्षरं रक्तामासापेक्षा जास्त दिवस छळतात, कारण तिथे शरीराचं एकदम माणूस होतं.

वास येऊ नये म्हणून मास्कखाली विक्स किंवा अत्तर लावायची सवय सगळीकडे आहे. तिची अडचण पुढे कळते. तीव्र सुगंध त्या प्रसंगाला चिकटतो. मग घरी पोराला सर्दी झाल्यावर विक्सची डबी उघडली की बाप थेट नदीकाठी पोचतो. चांगला मास्क वापरा आणि बॉडीजवळच्या माणसांची पाळी लहान ठेवून बदलत राहा.

एकूण काम बारा तासांच्या पुढे नेऊ नका. सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, हे प्रयोगांत दिसलंय. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. तेव्हा रात्रभर पाण्यात राबलेल्या मुलाला पहाटे स्वतःच्या टू-व्हीलरवर घरी पाठवू नका. त्याला सोडायला ताज्या दमाचा ड्रायव्हर ठेवा.

काम संपल्यावर चहाच्या वेळी पंधरा मिनिटं सगळे एकत्र थांबा. काय झालं, काय राहिलं, साहित्य कोण धुणार, पुढची पाळी कोणाची, एवढंच बोला. 'कसं वाटतंय?' हा प्रश्न तिथे नको. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बॉडीचे फोटो टाकायला पूर्ण बंदी करा. नोंदीसाठी लागलेच तर ते एकाकडेच राहू द्या.

नंतर ठरवून फोन करा : तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने. झोप लागते का, जेवण जातं का, घरी चिडचिड होते का, पिणं वाढलंय का, एवढं विचारलं तरी पुरतं. महिन्याचा फोन सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका तोच राहून जातो, कारण तोवर पुढची वर्दी आलेली असते. न येणाऱ्या त्या दोघांनाही असाच फोन करा, पण 'परत कधी येतोस' हे विचारू नका.

समुपदेशकांसाठी काढलेले पैसे वाया घालवू नका. गटातल्या चौघांना मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्याची सोपी पद्धत मांडली : पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. उरलेले पैसे, ज्याला गरज पडेल त्याच्या एकट्याच्या भेटींसाठी राखून ठेवा.

प्रश्न : माझे मिस्टर फायरमन आहेत. एका इमारतीच्या आगीच्या वर्दीला आता सहा आठवडे झाले. रात्री घामाघूम होऊन उठतात, कुकरची शिट्टी झाली तरी दचकतात, तो रस्ता टाळून लांबून गाडी नेतात. रोज क्वार्टर घेतल्याशिवाय झोप लागत नाही. विचारलं तर 'मला काय झालंय?' म्हणून अंगावर येतात. डॉक्टरांकडे नेलं आणि ऑफिसात कळलं तर?

उत्तर : ताई, पहिल्या महिन्यात तुम्ही लिहिलेलं सगळं अनेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटून गेल्यावरही ते टिकून असेल आणि घर-ड्युटीवर परिणाम होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचंच. तुमच्याकडे ती वेळ आली आहे. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. आघाताचा, म्हणजे मनाला बसलेल्या जबर धक्क्याचा, विचार करून दिली जाणारी मानसोपचार पद्धत साधारण आठ ते बारा भेटींची असते. तिच्यात टाळलेला रस्ता, टाळलेला आवाज यांना हळूहळू, मार्गदर्शनाखाली सामोरं जायला शिकवतात. गोळ्या दिल्याच तर त्यांचा गुण दिसायला चार-सहा आठवडे लागतात. 'पंधरा दिवस घेतल्या, फरक नाही' म्हणून सोडणारे फार असतात.

दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते आणि वाईट स्वप्नं तेव्हाच जोर करतात. तरीही बाटली एकदम हिसकावून घेऊ नका. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर हात थरथरणं, भ्रम होणं, फिट येणं असं होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करावी. मेडिकलमधून कोणी अल्प्राझोलाम किंवा डायझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या आणून देत असेल तर तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवा. या गोळ्यांनी आघाताचा त्रास बरा होत नाही, सवय लागते आणि दारूसोबत घेतल्या तर श्वास मंदावतो.

रात्री ते दचकून उठले तर अंगाला धरून हलवू नका, नकळत हात उगारला जाऊ शकतो. दिवा लावा आणि थोडं लांबूनच सांगा, 'अहो, तुम्ही घरी आहात.' पाय गार फरशीवर टेकवायला सांगा, खोलीत काय-काय दिसतंय ते मोजायला लावा. स्वप्नात काय होतं हे तेव्हा विचारू नका.

बोलायचं तर ड्युटीवरून आल्या-आल्या नको. अंघोळ-जेवण झाल्यावर, पोरं जवळ नसताना, दिसलेली गोष्ट सांगा : 'या आठवड्यात चार रात्री तुम्ही तीन वाजता गॅलरीत जाऊन बसलात.' 'तुमचं डोकं ठिकाणावर नाही' या वाक्याने दार बंद होतं. मागणीही एकच ठेवा, एक फोन किंवा एक भेट. टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. प्रत्यक्ष दाखवायला पुण्यातल्या सरकारी ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

ऑफिसची भीती खरी आहे, पण मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क रुग्णाला आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले, तर त्यांच्या संमतीशिवाय डॉक्टर ती वरिष्ठांना देऊ शकत नाहीत.

'मीच गेलो असतो तर बरं झालं असतं' असं कधी बोलले, तर सरळ विचारा : 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि विषारी औषधं काढून घ्या आणि त्याच दिवशी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.

प्रश्न : मी एका आपत्कालीन कंट्रोल रूममध्ये फोन घेते. स्पॉटवर कधीच जात नाही, तरी काही आवाज डोक्यातून जात नाहीत. जागेवर जाणारे सहकारी म्हणतात, 'तू तर एसीत बसतेस.' मला त्रास व्हायला नको होता का?

उत्तर : होणारच. कामाचा भाग म्हणून भीषण तपशील वारंवार समोर येणं हेही आघाताचं कारण असू शकतं, हे मानसोपचारातल्या निदानाच्या निकषांत २०१३ पासून स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमच्या कामात आणखी एक खास गोष्ट आहे. फोन तुटतो आणि पुढे काय झालं ते कळत नाही. अर्धवट राहिलेलं चित्र मन स्वतः पूर्ण करतं, बहुधा सगळ्यांत वाईट रीतीने. म्हणून पर्यवेक्षकांकडे दोन गोष्टी मागा. जीव गेल्याचा, लहान मुलाचा किंवा आत्महत्येचा कॉल संपला की दहा मिनिटं हेडसेट काढून खुर्चीवरून उठता आलं पाहिजे, ती वेळ सुट्टीतून कापायची नाही. आणि ज्याला हवं असेल त्याला त्या कॉलचं पुढे काय झालं ते पाळी संपेपर्यंत कळावं. वाईट बातमीसुद्धा अर्धवट कल्पनेपेक्षा सोसवते. रात्रपाळीत शेवटचा चहा-कॉफी घरी जाऊन झोपण्याच्या सहा तास आधी घ्या.

प्रश्न : आमची संस्था पूर आणि दुष्काळात मदतकार्य करते, ऑफिस कोथरूडला. पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये 'कर्मचारी स्वास्थ्य' असा मथळा टाकलाय. त्याखाली योगशिबिराव्यतिरिक्त काय लिहावं?

उत्तर : शिबिराच्या आधी माणसं लिहा. बदली माणसाचा पगार हीच या मथळ्याखालची पहिली रक्कम. रिलिव्हर नसेल तर सुट्टी कागदावरच राहते. त्यानंतर आठवड्याला एक पूर्ण सुट्टी, परतल्यावर ऑफिसला न येता भरपगारी विश्रांतीचे काही दिवस, मुक्कामी कुलूप लागणारी झोपायची जागा, महिलांसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि घरी रोज फोन करता येईल एवढा रिचार्ज धरा. वर-वर क्षुल्लक वाटतं, पण लोकांना घटनेइतकंच या गैरसोयींनी आणि वरिष्ठांच्या बेपर्वाईने खचवलेलं असतं.

समूह आरोग्य विमा घेताना मानसिक आजारावरचे उपचार त्यात आहेत का ते वाचून घ्या. शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा द्यावा, असं २०१७ च्याच कायद्याचं कलम २१ सांगतं. ओपीडीतल्या भेटी मात्र बऱ्याच पॉलिसींत नसतात, त्यासाठी वेगळी रक्कम ठेवा.

आणखी एका गटाकडे कोणाचंच लक्ष नसतं, तो म्हणजे त्या गावातलेच तुमचे कार्यकर्ते. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरासारख्या वेळी किट वाटणाऱ्याच्या स्वतःच्या घरातही पाणी असतं. पुण्याहून गेलेला माणूस दहा दिवसांनी परततो, गावातला कार्यकर्ता मात्र तिथेच राहतो आणि 'आम्हाला का नाही मिळालं' हे शेजाऱ्यांकडून वर्षभर ऐकतो. त्याला आधी घर आवरायला पगारी रजा द्या. लाभार्थ्यांची यादी त्याच्या एकट्याच्या सहीने करू नका.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. पहिल्यांदाच अपघातात मदतीला गेलो, मृतदेह उचलला आणि मला काहीच वाटलं नाही. रडूही आलं नाही. मी निर्दयी आहे का?

उत्तर : नाही. काम करताना मन भावना बाजूला ठेवतं, तेव्हाच हात चालतात. त्या दोन दिवसांनी येतील, दोन आठवड्यांनी येतील किंवा येणारही नाहीत. तिन्ही नेहमीचं आहे. रडू येण्यासाठी त्या अपघाताचे व्हिडिओ शोधून पाहत बसू नका. नेहमीच्या वेळी जेवा-झोपा, कॉलेजला जा, रोज अर्धा तास चाला, आणि कुठे गेला होतात ते घरात किंवा मित्रांत निदान एकाला तरी सांगून ठेवा. महिनाभराने मित्र, खेळ, अभ्यास सगळंच परकं वाटत असेल तर १४४१६ ला फोन करा. तोवर पुढच्या कामाला जायची घाई करू नका. गेलातच तर टीम लीडरला आधी सांगा की अशा कामाला तुम्ही दुसऱ्यांदाच येताय.